हौद्याची गाडी आणि वेगाची हौस

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्याकडे आता कुठल्याही तालुक्याच्या गावी ‘पिकअप’ म्हटले की शेंबड्या पोरालाही कळते. पुढे दोघा-तिघांची केबिन, मागे उघडा हौदा. सकाळी भाजीपाला, दुपारी सिमेंटच्या गोण्या आणि लग्नसराईत वऱ्हाड. ही गाडी कुणी शर्यतीला काढील, असे आपल्या स्वप्नातही येणार नाही. पण अमेरिकेत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात, गेली ऐंशी-नव्वद वर्षे माणसे हेच करीत आली आहेत. शेतावर झिजलेली, गंज चढलेली जुनी पिकअप पडत्या भावात घ्यायची, तिची उंची कमी करायची, तिच्यात भलत्याच कुठल्या गाडीचे दांडगे इंजिन बसवायचे आणि ती पळवायची. अशा गाडीला तिकडे ‘हॉट रॉड’ म्हणतात. हॉट रॉड मोटारींचेही होतात, किंबहुना मोटारींचेच अधिक. पण मला बोलायचे आहे ते खिशात पैसे नसताना उभ्या केलेल्या गाडीबद्दल, आणि तिथे पिकअपचा मान पहिला.

मुळात पिकअप ही गाडीच कारखान्यात जन्मली नाही. ती जन्मली शेतकऱ्याच्या अंगणात. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ साली आली आणि १९२७पर्यंत दीड कोटीहून अधिक तयार झाल्या. त्यांतल्या कितीतरी शेतकऱ्यांनी घेतल्या. शेतकऱ्याला मोटार मिळाली तर तो ती नुसती फिरायला कशी वापरील? मागची बैठक काढून त्याने तिथे लाकडी पेटी ठोकली आणि अंडी, दूध, बटाटे बाजारात नेऊ लागला. मागचे चाक जॅकवर उचलून त्यावर पट्टा चढवला आणि त्याच मोटारीवर पाण्याचा पंप चालवला, लाकडे कापायची करवत चालवली. हे इतके सर्रास झाले की अखेर १९२५च्या एप्रिलमध्ये फोर्डने स्वतःच हौदा लावलेली मॉडेल टी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. कारखान्याची पहिली पिकअप ती हीच. म्हणजे गिऱ्हाइकाने आधी गाडी कापली आणि कारखाना मागून शहाणा झाला. पुढची सगळी गोष्ट कळायला एवढे ध्यानात ठेवा, की गाडी विकत घेतली म्हणजे ती जशी आली तशीच ठेवली पाहिजे, असे या लोकांना कधी वाटलेच नाही.

मॉडेल टीचे इंजिन वीस अश्वशक्तीचे. ताशी साठ-सत्तर किलोमीटर गेली तरी गाडी कण्हत असे. तेव्हा ती जोरात पळवण्यासाठी सुटे भाग विकणारी दुकाने निघाली. यात एक गंमत आहे. लुई शेव्हरोले या शर्यतपटूच्या नावाने जी मोटार निघाली ती फोर्डची कट्टर प्रतिस्पर्धी; पण स्वतः लुई शेव्हरोले त्या कंपनीतून केव्हाच बाहेर पडला होता आणि १९२०च्या दशकात भावाबरोबर इंडियानापोलिसला फोर्डच्याच इंजिनावर बसणारी ‘फ्रंटनॅक’ नावाची हेडे बनवून विकत होता. नाव प्रतिस्पर्ध्याच्या बॉनेटवर आणि हात फोर्डच्या इंजिनात!

आता कॅलिफोर्नियाकडे वळू. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, डोंगर ओलांडला की मोहावीचे वाळवंट लागते. तिथे कोरड्या तलावांची विस्तीर्ण पात्रे आहेत. हिवाळ्यात थोडे पाणी साचते, ते आटले की माती सारवल्यासारखी सपाट होते आणि उन्हाने विटेसारखी भाजून निघते. मैलोन् मैल झाड नाही, खड्डा नाही, पोलीस नाही. म्युरॉक हे यांतले सर्वांत नावाजलेले पात्र. तिसाच्या दशकात शहरातली पोरे शनिवारी रात्री निघायची, पहाटे तलावावर पोचायची, मडगार्ड, दिवे, पुढची काच असे वाऱ्याला अडवणारे सगळे सुटे करून ठेवायची आणि वारा सुटण्याआधी गाड्या पळवायची. संध्याकाळी मडगार्ड परत बोल्टने आवळून त्याच गाडीने घरी, आणि सोमवारी त्याच गाडीने कामावर. शर्यतीची वेगळी गाडी ठेवायची ऐपत कुणाची होती? मंदीचे दिवस. गॅरेजात, पेट्रोल पंपावर, फळबागेत राबणारी ही पोरे.

सुरुवातीला सातआठ गाड्या एका रांगेत सुटत. पहिल्या गाडीला समोरचे दिसे, बाकीच्यांना फक्त धूळ. त्या धुळीत गाड्या एकमेकींवर आदळल्या, माणसे दगावली. म्हणून १९३७ साली तिथल्या मंडळांनी मिळून ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. एका वेळी एक गाडी, घड्याळाशी शर्यत, आणि पळण्याआधी गाडीची तपासणी, अशी शिस्त हळूहळू बसत गेली. ती कुण्या सरकारने लावली नव्हती, हे मला महत्त्वाचे वाटते.

या पोरांच्या हाती खरे शस्त्र दिले ते मात्र पुन्हा हेन्री फोर्डनेच. १९३२ साली, मंदीच्या ऐन तडाख्यात, त्याने आठ सिलिंडरचे ‘व्ही-एट’ इंजिन सामान्यांच्या गाडीत बसवले. आठ सिलिंडर हा तोवर श्रीमंतांचा थाट होता, कारण इतका गुंतागुंतीचा ब्लॉक एका ओतात काढणे जिकिरीचे आणि महागाचे. फोर्डच्या ओतकाम खात्याने तो एकसंध ओतून दाखवला. ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती, आणि उघडी दोन माणसांची गाडी ४६० डॉलरला. आजच्या मानाने ६५ अश्वशक्ती म्हणजे आपल्याकडची साधी छोटी मोटार. पण तेव्हा त्या किमतीत असे काही मिळतच नव्हते. इंजिनात दोष होते. जळालेला गरम वायू ब्लॉकच्या पोटातून वळसा घेऊन बाहेर पडे, त्यामुळे ते तापे, पाणी उकळे. पण दोनचार वर्षांत अपघातात मोडलेल्या व्ही-एट भंगारवाल्याकडे येऊ लागल्या, आणि तिथून पुढे हिशोब सरळ झाला. ४० अश्वशक्तीची जुनी ‘मॉडेल ए’ घ्या, तिचे इंजिन उतरवा, भंगारातले व्ही-एट चढवा. हेड घासून दाब वाढवा, एकाऐवजी दोन कार्बोरेटर लावा, कॅमशाफ्ट नव्याने घासून घ्या. आर्मेनियन स्थलांतरितांचा मुलगा असलेला एड इस्केंडेरियन अशाच आपल्या मॉडेल टीच्या नादात कॅमशाफ्ट घासण्याच्या धंद्यात पडला आणि त्या धंद्यातले मोठे नाव झाला. व्हिक एडेलब्रॉकचेही तसेच. आज ज्यांचे सुटे भाग जगभर जातात, त्यांचा उगम हा असा एका गाडीच्या हौसेत आहे.

इथे वर्कशॉपमधला माणूस म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इंजिन बदलणे हे या धंद्यातले सोपे काम आहे. अवघड काम गाडी थांबवण्याचे. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि थांबताना ती सगळी ब्रेकला उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते. जुन्या फोर्डचे ब्रेक सळयांनी ओढले जाणारे. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक फोर्डने दिले १९३९ साली, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या कितीतरी नंतर. म्हातारा त्या बाबतीत हट्टी होता. शहाणी पोरे १९३९ किंवा त्यानंतरच्या मोडक्या फोर्डचे ब्रेक काढून आपल्या गाडीला बसवीत. जी शहाणी नव्हती त्यांची नावे वर्तमानपत्रात येत.

युद्ध आले. पेट्रोलवर रेशन लागले, म्युरॉक लष्कराच्या विमानदलाकडे गेले. तिथे आज एडवर्ड्स हवाई तळ आहे. तलावावरची पोरे सैन्यात गेली, विमानांची इंजिने खोलायला शिकली, वेल्डिंग शिकली. परत आली ती हातात कसब आणि थोडे पैसे घेऊन. बिल बर्क नावाच्या एकाने पॅसिफिकच्या बेटावर लढाऊ विमानांना लटकवायच्या जादा इंधनाच्या टाक्या पाहिल्या होत्या. थेंबाच्या आकाराच्या, वाऱ्याला न अडवणाऱ्या. १९४६ साली त्याने लष्करी भंगारातली तशी एक टाकी घेतली आणि तिच्या पोटात इंजिन बसवून गाडी केली. १९४८च्या जानेवारीत लॉस एंजेलिसला हॉट रॉडचे प्रदर्शन भरले, आणि त्याच वेळी ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक पंचवीस सेंटला विकायला आले.

पण तलाव लांब होते आणि रस्ते जवळ. रात्री-अपरात्री शहराच्या रस्त्यांवर शर्यती लागू लागल्या. माणसे मेली, त्यांत ज्यांचा शर्यतीशी काही संबंध नव्हता अशीही होती. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. ‘हॉट रॉड’ हा शब्द म्हणजे जवळजवळ शिवीच झाला आणि अशा गाड्यांवर बंदीच घाला, असे बोलले जाऊ लागले. ती बंदी आली असती तर आज हे भाषण फार लहान झाले असते. ते घडले नाही याचे बरेच श्रेय वॉली पार्क्स या मासिकाच्या संपादकाला जाते. पोरे पळवणारच, तेव्हा त्यांना पळवायला जागा द्या, हा त्याचा साधा युक्तिवाद. १९५० साली सँटा ॲना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे भरून शर्यत लावायची सोय झाली होतीच. १९५१ साली पार्क्सने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ काढली, १९५३ साली पोमोनाला तिची पहिली अधिकृत शर्यत झाली, आणि पुढच्या वर्षी चार माणसे एका गाडीला ट्रेलर जोडून देशभर हिंडली. गावात जायचे, पोलिसांना भेटायचे, एखादी पडीक धावपट्टी मिळवायची, गाड्या तपासायच्या, शर्यत शिस्तीत लावून दाखवायची. पोलिसांना आणि पोरांना एका सतरंजीवर बसवणे ही काय चीज आहे, हे आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळवाल्यांना सांगायला नको.

आता पिकअपकडे परत येतो. पैसेवाल्या शौकिनाचा डोळा नेहमी १९३२च्या दोन आसनी फोर्डवर. पिकअप हे कष्टाचे जनावर. तिच्याकडे कोण पाहतो? म्हणून ती स्वस्त राहिली. १९४७ साली शेव्हरोलेने आणि १९४८ साली फोर्डने गोल नाकाच्या नव्या पिकअप काढल्या. त्या लाखोंनी खपल्या आणि वीसेक वर्षांनी शेतांच्या कडेला, कोठारांच्या मागे, चाके जमिनीत रुतलेल्या अवस्थेत उभ्या राहिल्या. कारागिराच्या दृष्टीने पाहा. खाली शिडीसारखी सरळ चॅसी, तिच्यावर वेगळी केबिन, मागे वेगळा हौदा. एक भाग सडला तर बाकीच्यांना धक्का न लावता बदलता येतो. हौदा तर काय, पत्रा वाकवता येणाऱ्या कुणालाही नवा करता येईल. मोटारीच्या मागच्या गोलाईला जे कसब लागते ते इथे लागत नाही.

१९५५ साली शेव्हरोलेचे नवे व्ही-एट आले. ४.३ लिटर, साध्या रूपात १६२ अश्वशक्ती, आकाराने आटोपशीर आणि वजनाला हलके. या घराण्याची दहा कोटी इंजिने २०११पर्यंत तयार झाली, म्हणजे भंगारात ते मिळणार नाही असे गाव अमेरिकेत शोधावे लागेल. फोर्डच्या पिकअपमध्ये शेव्हरोलेचे इंजिन घालायचे की नाही, यावर तिकडे जी भांडणे होतात ती आपल्याकडच्या मिसळीवरच्या भांडणाइतकीच न संपणारी आहेत. स्वस्ताईने मात्र निकाल केव्हाच दिलेला आहे.

पण इंजिन उतरवले की एकेक गाठ सुटायला लागते. शेव्हरोलेच्या त्या जुन्या पिकअपचा फिरता दांडा एका बंद नळीत असे आणि ती नळी मागच्या ॲक्सलला पक्की जखडलेली. गिअरबॉक्स बदलला की नळी जुळत नाही. म्हणून मागचा ॲक्सलही दुसऱ्या गाडीचा शोधायचा. तो तसाही बदलावाच लागतो, कारण जुन्याचे दाते ओझे ओढण्यासाठी आखलेले, हमरस्त्यावर इंजिन नुसते किंचाळते. विजेची व्यवस्था सहा व्होल्टची, नव्या इंजिनाला बारा लागतात. सगळ्या तारा नव्या ओढा. मागचे पाटे अर्धा टन माल पेलायला केलेले. हौदा रिकामा असला की गाडी टणाटण उडते, म्हणून पाट्यांतले दोनचार काढून टाकतात. पुढचा ॲक्सल तापवून त्याची टोके वर वाकवतात, की गाडी आपोआप खाली बसते. इंजिन आणि माणसे पुढे, मागे रिकामा हौदा. त्यामुळे जोर दिला की मागची चाके जागच्या जागी फिरतात आणि ब्रेक दाबला की तीच आधी घसरतात. मग बॅटरी मागे न्या, टाकी मागे न्या. टाकीचे तर असे, की मॉडेल एमध्ये ती चालकाच्या गुडघ्यांसमोर असे आणि १९४९नंतरच्या शेव्हरोले पिकअपमध्ये केबिनच्या आत, बैठकीच्या पाठीमागे. पेट्रोल मांडीवर किंवा पाठीशी घेऊन वेगात जायचे, हे मला तरी कल्पनेतसुद्धा नको वाटते. या जुन्या गाड्यांचा ब्रेकही एकाच नळीच्या भरवशावर. कुठे एक गळती झाली की चारही चाके मोकळी. पुढची व मागची वाट वेगळी करणारा ब्रेक अमेरिकन गाड्यांत सर्रास आला तो १९६७च्या सुमारास.

हातात पैसे थोडे असले की रंग, चकाकी, मोठी चाके यांचा मोह पडतो, आणि शंभरांतल्या कितीतरी गाड्या रंगाच्या डब्यासकट अर्धवट पडून राहतात. अनुभवी माणसे पहिला पैसा ब्रेक आणि स्टिअरिंगवर घालतात. पुढे पुढे तर एक अगदी सरळ हिशोब निघाला. शेव्हरोलेचीच ‘एस-टेन’ नावाची छोटी पिकअप १९८२पासून निघू लागली होती. तिच्या लांब हौद्याच्या प्रकारात पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर शेव्हरोलेच्या त्या गोल नाकाच्या जुन्या पिकअपशी दोन इंचांच्या फरकाने जुळते. नवी चॅसी खाली, तिच्या चांगल्या ब्रेकसकट. वर आजोबांची केबिन. शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही. मला रुचते. गाडीचा चेहरा जुना आणि पाय तरुण असले तर बिघडले कुठे?

आपल्याकडेही या कलेचे चुलतघराणे होतेच. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या ‘डिस्पोजल’मधल्या शेव्हरोले आणि फोर्ड मालमोटारी आपल्या वाहतूकदारांनी घेतल्या आणि वर्षानुवर्षे घाटांतून चालवल्या. पेट्रोल परवडेना तेव्हा आपल्या मिस्त्र्यांनी जुन्या जीपा आणि मोटारींतली पेट्रोल इंजिने उतरवून डिझेल चढवली. कसब तेच, हेतू उलटा. कॅलिफोर्नियातल्या पोराला वेग हवा होता, आपल्या माणसाला लिटरमागे चार किलोमीटर जास्त. आज ते इतके सहज करता येत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदवलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधने घालते, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना खास नोंदणी दिली, पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. रस्त्यावरची माणसे वाचावीत म्हणून कायदा असणारच आणि असावा. तरी तपासणी करून परवानगी देण्याची एखादी वाट, जी वॉली पार्क्सने धावपट्ट्यांवर घालून दिली, तशी आपल्याकडे निघाली असती तर कितीतरी कारागिरांचे हात चालते राहिले असते.

अमेरिकेत या हौसेचे पुढे काय झाले? व्हायचे तेच. १९५०पासून ओकलंडच्या प्रदर्शनात सर्वांत सुंदर हॉट रॉडला माणसापेक्षा उंच करंडक मिळू लागला आणि गाड्या सुंदर होता होता इतक्या महाग झाल्या, की त्या रस्त्यावर काढायला मालक धजेना. त्याला कंटाळून नव्वदीच्या दशकात काहींनी उलटे टोक गाठले. रंग नाही, गंज तसाच, जोडकाम उघडे. नाव ‘रॅट रॉड’, म्हणजे उंदराची गाडी. त्यांत पिकअपची संख्या मोठी. यांतल्या काही इतक्या निष्काळजीपणे जोडलेल्या असतात की पाहून छातीत धडकी भरते, आणि काही वर गंज ठेवून खाली घड्याळासारख्या चोख.

१९९७ साली तर कमालच झाली. पेबल बीच येथे जुन्या राजेशाही मोटारींचे जे जगप्रसिद्ध संमेलन भरते, जिथे एखादा स्क्रूही मूळचा नसला तरी गुण कापतात, तिथे हॉट रॉडसाठी वेगळा वर्ग उघडला. ज्या गाड्या मूळ रूप मोडून झाल्या, त्यांचे आता मूळ रूप तपासले जाते. १९५० साली पोराने इथे कापले होते का? मग तिथेच कापलेले हवे. दोन कार्बोरेटर होते? मग तेच, त्याच बनावटीचे हवेत. आणि या सगळ्यामुळे जुन्या फोर्डच नव्हे, तर पूर्वी भंगाराच्या भावात मिळणाऱ्या गोल नाकाच्या पिकअपही महागल्या. त्यांच्यानंतरच्या, १९६७ ते १९७२च्या शेव्हरोले पिकअपही शौकिनांनी उचलल्या. ज्याच्या खिशात खरोखरच थोडे पैसे होते, तो मग कोठारामागे ऐंशीच्या दशकातल्या, चौकोनी तोंडाच्या पिकअप शोधत फिरू लागला. त्या तेव्हा फारशा कुणाला सुंदर वाटत नव्हत्या.